मुक्याची द्वाही

पारव्वा भट्टीत भाताचं तूस सारते आणि सांगते:
खानापूरच्या पल्याड, मलप्रभेच्या अंगाला,
जिथं आता करवंदीच्या जाळ्या आणि गव्यांची वाट,
तिथं एक गढी होती.
गढीत राजा. राजाला सात राण्या,
सातांत मिळून एक पाळणा नाही.
राजा गेला.
दहाव्याला दोन पुतण्यांनी दोन पिंड ठेवले.
कावळा आला, दोन्ही बघितले,
आणि नदीपलीकडं निघून गेला.

मग प्रधानानं म्हातारी हत्तीण सोडवली,
सोंडेत शेवंतीची माळ दिली.
(कन्नडमध्ये सांगताना ती ना नर, ना मादी,
नुसती आने. मराठीत आली की
पारव्वा तिला बाई करते.)

तीन दिवस हत्तीण चालली.
पुतणे दर वळणावर आधीच पोचलेले,
जरीच्या अंगरख्यात घामेजलेले, मान पुढं काढून.
एकाच्या तोंडावर तिनं फुर्रकन सोंड शिंकरली.
दुसऱ्याकडं शेपूट केलं.

चौथ्या दिवशी ती कुंभारांच्या मातखाणीत उतरली.
तिथं मायाक्काचा पोरगा चिखल तुडवत होता,
सोळा वर्षांचा, मांडीपर्यंत तांबडा,
जन्मापासून मुका.
कन्नड बोलणारे त्याला मूगप्पा म्हणत,
मराठी बोलणारे मुकोबा.
तो दोन्ही हाकांना वळायचा.

हत्तिणीनं माळ त्याच्या गळ्यात घातली.
"खरं," पारव्वा म्हणते,
आणि आमच्याकडं खरं म्हणजे पण,
"खरं तिला राजा शोधायचाच नव्हता गा.
पाठ भाजत होती तिची. चिखल पाहिजे होता.
सोंड मोकळी करायची म्हणून
जवळच्या खुंटीला ओझं अडकवलं.
खुंटी म्हटली तर हा पोरगा.
झाला राजा."

मायाक्का धावत आली,
माळ काढून प्रधानाच्या हातात कोंबायला लागली:
परवा भट्टी लावायची हाय,
दोनशे मडक्यांची माती पडलीय,
ह्याला नेला तर तुडवणार कोण?

प्रधानानं पुतण्यांकडं बघितलं.

त्या दोघांनी माती तुडवली, असं काहीजण सांगतात.
पारव्वा सांगत नाही.
ती म्हणते, तसल्या पायांनी माती मऊ येत नाही.

नव्या राजाची द्वाही फिरवायची ती राजाच्या शब्दात.
राजाकडं शब्द नव्हता.
डांगोरेवाला गावोगाव गेला,
तीनदा डफ वाजवला, थांबला,
आणि त्या थांबण्यात ज्यानं त्यानं आपलं आपलं ऐकलं.
वरच्या गावात ऐकू आलं, पट्टी माफ.
खालच्या गावात, तळं खोदायचंय, कुदळी घेऊन या.
तळं खोदलं गेलं. पट्टी कुणी भरली नाही.
तीस वर्षं राज्य बरं चाललं.
पारव्वा इथं थोडी थांबते,
म्हणते, एवढं बरं चालत नसतं, खरं सांगायला काय जातंय.

त्याचा म्हणून एक दगड आहे,
तिच्या चुलतदिराच्या काजूच्या बागेत.
वर सूर्य आणि चंद्र.
खाली दोन पावलं, बोटं रुतलेली.
मध्ये जिथं अक्षरं असतात तिथं सपाट.

मागं दोन गाड्यांतून दोन साहेब आले होते,
एक सकाळी, एक ऊन कलल्यावर.
दोघांनी दगडावर पीठ चोळलं, पाणी मारलं,
गुडघे टेकून तिरपा उजेड धरला.
एकानं कन्नडमध्ये विचारलं, कुठल्या भाषेतला?
एकानं मराठीत.
पारव्वानं ज्याला त्याला त्याच्या भाषेत सांगितलं,
मला वाचता येत नाही बाबा, तूच बघ.
दोघंही वहीत बराच वेळ काही लिहीत बसले.

तूस संपलं.
कालच्या भट्टीतलं एक मडकं ती मांडीवर घेते,
बोटाच्या पेरानं टकटक करते,
कान लावते,
मान हलवते, आणि दुसरं उचलते.